कानाचे वय आणि डोळ्याचे वय

पुण्यात जपानी भाषेचे वर्ग घेऊ लागल्यापासून पालकांचा एक प्रश्न मी सातत्याने ऐकत आले आहे : "मुलाला कितव्या वर्षी जपानी सुरू करावी?" आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यातही हाच प्रश्न येतो, तेथे जपानीच्या जागी इंग्रजी असते, एवढाच फरक. विचारणाऱ्याच्या स्वरात बहुधा काळजी असते. आपल्यापैकी अनेकांच्या घराण्यात पाटीवर अक्षर गिरवणारी आपली पहिली किंवा दुसरीच पिढी. आपल्याला जे उशिरा मिळाले ते मुलांना वेळेवर मिळावे, ही ती काळजी. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर सविस्तर लिहावे असे मनात आले. मेळाव्याच्या गडबडीत ते कधी पुरते देता येत नाही, आणि त्या उत्तराचा आपल्या शाळेशी फार जवळचा संबंध आहे.

एखादा शब्द आपण कोणत्या वयात शिकलो, यावर तो पुढे किती चटकन ओळखता येतो हे काही अंशी ठरते. १९७३ साली कॅरोल आणि व्हाइट या संशोधकांनी प्रौढ माणसांना वस्तूंची चित्रे दाखवली आणि नाव सांगायला किती वेळ लागतो ते मोजले. तोपर्यंतचा सर्वसाधारण समज असा, की जो शब्द रोजच्या वापरात अधिक तो आधी आठवतो. त्यांना आढळले ते वेगळेच. शब्द किती वापरला जातो यापेक्षा तो कोणत्या वयात शिकला गेला, याचा प्रभाव अधिक दिसला. आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर, 'कासव' हा शब्द मोठेपणी आपण क्वचितच उच्चारतो. तरी कासवाचे चित्र दिसताच तो जिभेवर येतो, कारण ससा आणि कासव आपल्याला शाळेत जाण्यापूर्वीच भेटलेले असतात. कचेरीत रोज हाताळलेला, पण पंचविशीत शिकलेला शब्द तितक्या सहजतेने येत नाही. हा फरक सेकंदाच्या लहानशा अंशाचा असतो, हेही सांगितले पाहिजे. त्यावरून कोणाची बुद्धी मोजता येत नाही. परंतु तो फरक आयुष्यभर टिकतो, म्हणून तो महत्त्वाचा.

असे का व्हावे? २००० साली एलिस आणि लॅम्बन राल्फ यांनी संगणकावर शिकणारी एक जाळी तयार केली. काही नमुने तिला आरंभी शिकवले, काही मागाहून. पुढे दोन्हींचा सराव सारखाच दिला, तरीही आधीच्या नमुन्यांची सरशी कायम राहिली. कोरी असताना जाळी कसाही आकार घेऊ शकते. जे पहिल्याने येते ते तिला आकार देते, आणि जे मागून येते त्याला त्या आकाराशी जमवून घ्यावे लागते. आपल्या जांभ्या दगडाच्या सड्यावर पहिल्या पावसाचे पाणी जशी वाट काढते आणि नंतरचे पाणी बहुतेक त्याच वाटेने उतरते, तसे हे आहे. नवी वाट पडत नाही असे नाही. तिला जोर अधिक लागतो, इतकेच.

रत्नागिरीकरांना याचे एक जुने उदाहरण घराशेजारीच सापडेल. ब्रह्मदेशाचा थिबा राजा १८८५ मध्ये पदच्युत झाला, पुढच्याच वर्षी त्याला रत्नागिरीत आणले गेले आणि १९१६ मध्ये तो येथेच वारला. आला तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. सरकारशी त्याचा व्यवहार दुभाष्यामार्फत चाले. त्याची नात टुटू मात्र येथे जन्मली, येथल्याच लोकांत राहिली आणि मराठी बोलत म्हातारी झाली. राजवाडा पाहायला येणाऱ्यांना राजाची कथा सांगितली जाते. मला मात्र एकाच घराण्यातल्या या दोन कानांची कथा अधिक विचार करायला लावते.

येथवरची गोष्ट ऐकून पालकांची काळजी वाढेल. पण जपानी भाषेवरील संशोधन एक पाऊल पुढे जाते, आणि तेथेच आपल्या कामाचे काही हाती लागते.

जपानी लिहिण्यासाठी ध्वनी दाखवणारी 'काना' अक्षरे आहेत, आणि त्यांच्या जोडीला चीनकडून आलेली 'कांजी' ही अर्थचिन्हे. कानाच्या तक्त्याचा क्रम आपल्याला परका वाटत नाही : आ, इ, उ, ए, ओ, आणि पुढे का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. बौद्ध भिक्षूंनी जपानमध्ये नेलेल्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासाचा हा वारसा आहे. कांजींचे तसे नाही. त्या एकेक करून डोळ्यांत साठवाव्या लागतात. कोणत्या इयत्तेत कोणत्या शिकवायच्या, हे जपानच्या शासनाने ठरवून दिले आहे. प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत मिळून १,०२६ आणि त्यांतल्या पहिलीत ८०. त्यामुळे जपानी माणसाने कोणते चिन्ह साधारण कोणत्या वयात पाहिले असेल, हे बऱ्याच नेमकेपणाने सांगता येते.

१९९७ मध्ये यामाझाकी, एलिस, मॉरिसन आणि लॅम्बन राल्फ यांनी याच सोयीचा उपयोग केला. कांजीत लिहिलेले शब्द मोठ्याने वाचायला जपानी वाचकांना किती वेळ लागतो, हे त्यांनी मोजले. एकाच शब्दाची दोन वये असतात आणि दोन्हींचा वाचनावर परिणाम होतो, असे त्यांना दिसून आले. एक, तो शब्द बोलण्यात आला तेव्हाचे वय. दुसरे, त्याचे लिखित रूप शिकले तेव्हाचे वय. पहिल्याला मी कानाचे वय म्हणते, दुसऱ्याला डोळ्याचे. 'यामा' म्हणजे डोंगर. हा शब्द जपानी मूल दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बोलते आणि त्याचे तीन शिखरांचे चिन्ह पहिलीत शिकते. येथे दोन्ही वये कोवळी. 'बारा' म्हणजे गुलाब. हा शब्दही लहानपणीच ऐकलेला असतो, पण त्याची कांजी इतकी गुंतागुंतीची आहे की ती शाळेत शिकवतच नाहीत आणि शब्द बहुधा काना अक्षरांतच लिहितात. फूल ओळखीचे, चिन्ह अनोळखी.

पहिलीच्या त्या ऐंशी चिन्हांची यादी मी प्रथम पाहिली, तेव्हा मला आपला कोकणच दिसला. त्यात आकडे आहेत, दिशा आहेत. आणि डोंगर, नदी, पाऊस, भातशेत, बांबू, शिंपलाही आहेत. मुलाच्या कानाला जे आधीच ठाऊक आहे ते डोळ्यांपुढे ठेवून शाळा त्याचे स्वागत करते. ही यादी पाहताना मला माझी पहिली इयत्ता आठवली. घरी आम्ही 'पऱ्या' म्हणत असू, पुस्तकात 'ओढा' होता. घराला 'खळे' होते, पुस्तकात 'अंगण'. शेताला 'गडगा' होता, पुस्तकात 'कुंपण'. 'तरवा' आणि 'इरले' तर पुस्तकात कोठेच नव्हते. पुस्तकातील शब्द चांगलेच होते, आणि पुढे त्यांच्याच आधारे मी शिकले. पण त्या इयत्तेत आमच्या पिढीच्या अनेक मुलांना कान आणि डोळा ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागली. नवा शब्द ऐकायचा आणि तोच नवा शब्द वाचायचाही. ज्या मुलाच्या घरी पुस्तकातलीच भाषा बोलली जाई, त्याला निम्मेच काम होते. अशा वेळी मागे पडणाऱ्या मुलाला 'मठ्ठ' म्हणणे सोपे असते. त्याच्या वाट्याला दुप्पट काम आले आहे, हे ओळखायला शिक्षक लागतो.

कान आणि डोळा यांतले अंतर किती मोठे असू शकते, हे मी माझ्या आईत पाहिले. धम्मदीक्षेची बातमी आमच्या गावात पोहोचली, तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची होती. वंदना ती तेव्हाच ऐकून ऐकून शिकली. अक्षर तिच्या वाट्याला आले ते चव्वेचाळिसाव्या वर्षी, साक्षरता अभियानाच्या रात्रीच्या वर्गात. दिवसभर लावणी करून आलेल्या बायका कंदिलाभोवती बसत. वाचनपाठातले शब्द तिला काही केल्या धरवत नव्हते. "माझं वय गेलं गं आता," असे ती म्हणे. तेव्हा वर्ग घेणाऱ्या बाईंनी एक युक्ती केली. आईला तोंडपाठ असलेल्या वंदनेतील शब्द त्यांनी मोठ्या अक्षरांत कागदावर लिहिले. ती ते घडाघडा म्हणू लागली. पण ते वाचन नव्हे, पाठांतर आहे, हे बाईंना ठाऊक होते. म्हणून त्यांनी प्रत्येक शब्दाची वेगळी चिठ्ठी केली आणि चिठ्ठ्या उलटसुलट करून पुढे ठेवल्या. आईने एक चिठ्ठी उचलली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, "हा बुद्ध." मग 'संघ' सापडला, मग 'धम्म'. त्या आठवड्यात तिने जितकी अक्षरे ओळखली तितकी आधीच्या दोन महिन्यांत ओळखली नव्हती. तिच्या डोळ्याचे वय चव्वेचाळीस होते. कानाचे वय आठ. बाईंनी आठ वर्षांच्या कानाला चव्वेचाळीस वर्षांच्या डोळ्याचा हात धरायला लावला. यामाझाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा तो निबंध वाचताना मला आधी त्या चिठ्ठ्याच आठवल्या.

माझी स्वतःची जपानी वयाच्या तेविसाव्या वर्षी सुरू झाली. वर्गातल्या काहींनी ती शाळेपासून शिकलेली होती, आणि त्यांच्यापुढे माझा कान जड वाटे. मात्र एक गंमत लवकरच लक्षात आली. सहाव्या शतकात कोरियामार्गे बौद्ध धम्म जपानमध्ये पोहोचला, तेव्हा आपल्याकडचे कितीतरी शब्द चिनी उच्चारांचा वेष चढवून तेथे गेले. 'झान' किंवा 'ध्यान' याचे 'झेन' झाले, 'निब्बान'चे 'नेहान', 'पञ्ञा'चे 'हान्न्या', 'क्षण'चे 'सेत्सुना', 'काषाय'चे 'केसा'. 'दान'पासून आलेला 'दान्ना' हा शब्द आश्रयदात्यासाठी वापरला जाऊ लागला आणि आता घरचा धनी, म्हणजे नवरा, या अर्थानेही चालतो. 'नरक'चा 'नाराकु' झाला आणि काबुकी नाटकाच्या रंगमंचाखालच्या तळघरालाही तेच नाव पडले. थडग्याजवळ उभ्या करतात त्या उंच लाकडी पट्ट्यांना 'सोतोबा' म्हणतात. तो आपला 'स्तूप'. वर्गात हे शब्द इतरांना पाठ करावे लागत. मला ते एकदा कळले की विसरता येत नसत. शाळेतल्या संध्याकाळच्या वंदनेने दहा-अकराव्या वर्षी माझ्या कानात त्यांची मुळे ठेवली होती. जपानी शिकवण्याचा कोणाचाही हेतू नसताना आपल्या शाळेने माझ्या जपानीची तयारी करून ठेवली होती.

आता पालकांच्या काळजीकडे परत येते. २००२ मध्ये इझुरा आणि एलिस यांनी स्पॅनिश ही मातृभाषा असलेल्या आणि इंग्रजी मागाहून शिकलेल्या लोकांवर प्रयोग केले. प्रश्न असा होता : दुसऱ्या भाषेत कोणते शब्द लवकर ओळखले जातात? लहानपणी मातृभाषेत ज्यांचे प्रतिशब्द आधी शिकले ते, की त्या दुसऱ्या भाषेत जे आधी शिकले ते? उत्तर आले की दुसऱ्या भाषेत आधी शिकलेले शब्द. म्हणजे उशिरा सुरू केलेल्या भाषेचेही स्वतःचे एक बालपण असते. तिचे पहिले शब्द कोणत्याही वयात शिकले तरी पहिलेच असतात, आणि पहिल्यांना मिळणारा मान त्यांना मिळतो. मी तेविसाव्या वर्षी पहिल्या महिन्यात शिकलेले 'मिझु' (पाणी) आणि 'हितो' (माणूस) हे शब्द आजही नंतरच्या हजारो शब्दांपेक्षा आधी धावून येतात.

म्हणून "कितव्या वर्षी सुरू करावे" या प्रश्नाला जोडून "सुरू करताना पहिले शब्द कोणते द्यावे" हेही विचारावे, असे मी पालकांना सांगते. लवकर सुरुवात केल्याचा लाभ खरा आहे, विशेषतः उच्चारात. पण घाईने सुरू करून मुलाच्या जगात नसलेले शब्द त्याच्यावर ओतले, तर त्या भाषेचे बालपणच वाया जाते.

उशिरा सुरुवात करणाऱ्यांनी काय करून दाखवले, हे आपल्या समाजाला नव्याने सांगायला नको. धर्मानंद कोसंबी गोव्यातल्या सांखवाळचे, मातृभाषा कोकणी. पंचविशी ओलांडल्यावर श्रीलंकेत विद्योदय परिवेणात त्यांनी पाली आत्मसात केली आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ती शिकवली. ज्यांचे मूळ गाव आपल्याच जिल्ह्यातले, मंडणगड तालुक्यातले आंबडवे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत शिकण्याची इच्छा होती. ती नाकारली गेली आणि फारसी घ्यावी लागली. त्यांना झालेल्या उशिराचे कारण वय नव्हते. ज्या वयात शब्द मिळायला हवे होते त्या वयात दार लावून घेतले गेले होते. तरी पुढे ते संस्कृत शिकले, पाली शिकले, आणि पालीचे व्याकरण व शब्दकोश यांवर त्यांनी परिश्रम घेतले. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या ग्रंथमालेचा १६ वा खंड त्या कामाचा आहे. तो खंड मी चाळते, तेव्हा मला त्यात त्यांच्या विद्वत्तेबरोबर आणखीही एक गोष्ट दिसते. शब्दकोशात एकाच पाली शब्दापुढे मराठीही आहे. जो शब्द स्वतःला उशिरा मिळाला, तो पुढच्या मुलांना त्यांच्या ओळखीच्या शब्दाच्या आधाराने मिळावा, अशी ती सोय आहे.

शेवटी एक गोष्ट लिहिते. ती प्रयोगाचा निष्कर्ष नाही, माझा अनुभव आहे. लहानपणी गावात माझ्यासाठी वापरला गेलेला एक शब्द मी पाच-सहा वर्षांची असताना ऐकला. तो जातीचा होता आणि शिवीसारखा उच्चारलेला होता. त्याचे कानाचे वय फार कोवळे आहे, त्यामुळे आजही गर्दीत कोठे कोणी तो कुजबुजला तर सर्वांत आधी मला ऐकू येतो. संशोधक सांगतात तसेच हे आहे. पहिली वाट बुजत नाही. दहाव्या वर्षी मी आपल्या शाळेच्या वसतिगृहात आले. संध्याकाळच्या हजेरीला गृहपालांनी माझे पूर्ण नाव घेतले आणि त्याच्या आधी 'आयुष्मती' म्हटले. तो शब्द मी तोवर ऐकलेला नव्हता. शेजारच्या मुलीने मला कोपराने ढोसले, तेव्हा कोठे मी "हजर" म्हणाले. पुढची सहा वर्षे रोज संध्याकाळी तो शब्द माझ्या नावाआधी आला.

आज मला वाटते, की शाळा ही आमच्यासाठी एक दुसरी भाषाच होती. घरून आणलेले शब्द तिने पुसले नाहीत, ते पुसता येतही नाहीत. तिने नव्याने मोजणी सुरू केली, आणि त्या मोजणीत पहिल्या जागेवर कोणता शब्द ठेवायचा याचा विचार केला. स्वतःविषयीचा तो पहिला शब्द आम्हाला उशिरा मिळाला. पण त्या नव्या भाषेतला तो पहिलाच होता.

या अनुभवावरून शाळेकडे दोन विनंत्या आहेत. पहिलीच्या वर्गात भिंतीवर लावायच्या तक्त्यांत मुलांच्या घरचे शब्द घ्यावे : पऱ्या, गडगा, खळे, तरवा, इरले, पाखाडी. मुलांनी ते आधी वाचावे आणि मग त्यांच्या शेजारी ओढा, कुंपण, अंगण लिहावे. जपानमध्ये मूल पाण्याला घरी 'मिझु' म्हणते आणि बुधवारच्या नावात तेच चिन्ह 'सुइ' असे वाचते, जसे आपण घरी 'पाणी' म्हणतो आणि पुस्तकात 'जलाशय' वाचतो. दोन्ही शब्दांना घरात जागा असते. दुसरी विनंती माजी विद्यार्थ्यांना उद्देशून आहे. आपापल्या आई-आजीच्या तोंडचे असे शब्द एका वहीत लिहून शाळेला द्यावे. ते बोलणाऱ्या बायका आता थोड्याच उरल्या आहेत, आणि त्या शब्दांचे डोळ्याचे वय अजून सुरूच झालेले नाही.

आईची ती चिठ्ठ्यांची पुडी माझ्याकडे आहे. पाठपुस्तक तिने केव्हाच कोणाला तरी देऊन टाकले होते.